जगली किती?

२०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरायला लागले होते. ते काय, सगळेच विसरतात. पण एका संध्याकाळी राजवाड्यावरून घरी येताना ते वाट चुकले. साताऱ्यात इतकी वर्षं काढलेला माणूस मंगळवार पेठेत पाऊण तास फिरत राहिला आणि शेवटी ओळखीच्या एका पानवाल्यानं त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. मी रात्री कॉम्प्युटर उघडून बसले.

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. मी विचारत गेले. वय ७४, विसरणं, रस्ता चुकणं. मग स्मृतिभ्रंशाची सुरुवात कशी ओळखायची. मग अशा माणसाला घरी एकटं ठेवून नोकरीला जाता येतं का. रात्री दीड वाजता माणूस जे विचारतो ते दिवसा सख्ख्या बहिणीलाही विचारत नाही. शेवटचा प्रश्न कोणता होता तो मी इथे लिहीत नाही.

तीन-चार दिवसांनी अण्णा नेहमीसारखे सकाळी पेपर वाचायला कॉम्प्युटरवर बसले. ऊसदराच्या बातमीशेजारी एक जाहिरात होती. पुण्याजवळचं कुठलं तरी ज्येष्ठांचं निवास, हिरवळीवर हसणारे आजी-आजोबा, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी सोय. आई-बाबांची जागा आजच राखून ठेवा. त्यांनी दुसरी बातमी उघडली, तिथेही तेच आजी-आजोबा. अण्णा काही बोलले नाहीत. जेवताना भाकरी मोडत म्हणाले, "तुझं काय ठरेल ते मला आधी सांग म्हणजे झालं. कपडे भरायला वेळ लागतो."

माझं काहीच ठरलेलं नव्हतं. पण ते सांगायला तोंड उघडलं आणि त्या रात्रीचा शेवटचा प्रश्न आठवला. मी वाढायला उठले.

ती जाहिरात माझ्या शोधामुळे आली, की मी उघडलेल्या आरोग्याच्या एखाद्या साइटनं कुणाला खबर दिली, की निव्वळ योगायोग होता, हे ठरवायला माझ्याकडे तेव्हा काही साधन नव्हतं. आजही नाही. म्हणून कुणाचं नाव घेत नाही. मला लागलं ते वेगळंच. मी व्यवसायानं ग्रंथपाल आहे. कोण काय वाचतं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हे आमच्या हाडात असतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात संगणक यायच्या आधी देवघेवीला ब्राउन पद्धत होती. नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावानं ओळखली जाते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आलेली. वाचकाकडे खिशासारखी तिकिटं असतात आणि प्रत्येक पुस्तकात एक कार्ड. पुस्तक नेताना कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि ती जोडी तारखेच्या ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. मागे काही म्हणता काही उरत नाही. बी.लिब.ला हा त्या पद्धतीचा दोष म्हणून आम्हाला शिकवला होता. कुणी काय वाचलं याची नोंद राहत नाही, आकडेवारी मिळत नाही. मीही परीक्षेत दोष म्हणूनच लिहिला आणि गुण मिळवले. पुढे काउंटरवर बसल्यावर कळलं की काही माणसं त्या दोषाच्या भरवशावर पुस्तकं नेतात. एक बाई कायद्याचं एक पुस्तक तीनदा घेऊन गेल्या होत्या. कोणतं ते मला आठवतं, पण ट्रेला आठवत नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं, तेव्हा ते कात्रण मी ग्रंथालयाच्या फलकावर लावलं होतं. फलकापासून आमच्या घरातल्या टीव्हीशेजारच्या टेबलापर्यंत ते काही पोचलं नाही.

डिसेंबरात भाची आली. ती जर्मनीत आखेनला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती. अण्णा फिरायला गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे दोन वेगळे रोग आहेत. तू विचारतेस तिथे नोंद होते, हा एक. आणि तू साइट उघडतेस तिथे दुसऱ्याच कुणाचे हेर बसलेले असतात, हा दुसरा. एका गोळीनं दोन्ही बरे होत नाहीत." दुसऱ्यासाठी तिनं ब्राउझरमध्ये माग काढणाऱ्यांना अडवणारं एक जोडकाम बसवलं आणि कुकीज पुसायला शिकवलं. पहिल्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन शोधयंत्रच बदललं. वर एक हिरवं चिन्ह दिसायला लागलं आणि नाव, इकोशिया.

तिच्या वसतिगृहात म्हणे निम्मी मुलं हेच वापरत. बर्लिनची कंपनी. ख्रिस्तियान क्रोल नावाच्या तरुणानं ७ डिसेंबर २००९ ला, कोपनहेगनची हवामान परिषद सुरू झाली त्याच दिवशी, ती सुरू केली. त्याआधी नेपाळात असताना त्यानं तिथल्या संस्थांना पैसे मिळावेत म्हणून असाच एक खटाटोप करून पाहिला होता. पुढे दक्षिण अमेरिकेत फिरताना जंगलतोड पाहिली आणि विषय पक्का झाला. हिशेब साधा. शोधाच्या निकालांबरोबर जाहिराती येतात, त्यांवर कुणी क्लिक केलं की पैसे मिळतात, आणि खर्च जाऊन जे उरतं ते झाडं लावण्याकडे आणि हवामानाच्या कामाकडे जातं. २०१८ मध्ये क्रोलनं आपली मालकी एका प्रतिष्ठानाच्या मदतीनं अशी बांधून टाकली की कंपनी कुणाला विकता येऊ नये आणि नफा कुणाच्या खिशात जाऊ नये. शोध काही दिवसांत निनावी केले जातात आणि माहिती जाहिरातदारांना विकली जात नाही, असं त्यांच्या धोरणात लिहिलेलं आहे.

अण्णा तेवढ्यात फिरून आले होते. ते खुर्चीत बसून ऐकत होते हे आमच्या लक्षात आलं नाही. "झाडं लावतात?" त्यांनी विचारलं. "कुठं?"

इथे सांगायला हवं की अण्णा वनखात्यातले. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी पाटण-कोयनेकडे, जिथे झाड लावावं लागत नाही, नुसतं राखावं लागतं. आणि निम्मी माण-खटावात, जिथे लावलेलं झाड जगवायला जीव काढावा लागतो.

भाचीनं त्यांना हाम्बाखचं जंगल सांगितलं. आखेन आणि कोलोन यांच्या मध्ये ते आहे. लिग्नाइट कोळशाची खाण जंगल खात पुढे सरकत होती, आणि उरलेल्या तुकड्यासाठी पोरं झाडांवर घरं बांधून राहिली होती. २०१८ च्या ऑक्टोबरात इकोशियानं खाणवाल्या कंपनीला दहा लाख युरो देऊ केले, जंगल आम्हाला विका म्हणून. कंपनीनं नकार दिला. पण त्याच महिन्यात म्युन्स्टरच्या न्यायालयानं तोड थांबवली.

"विकत?" अण्णा म्हणाले. "बरं झालं दिलं नाही. विकत मिळतंय म्हटलं की पुढचं जंगल महाग होतं." मग जरा थांबून, "पण इच्छा चांगली होती पोरांची." त्या जाहिरातीनंतर ते आमच्याशी इतकं पहिल्यांदाच बोलले होते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. आपण किती शोध घेतले त्याचा. साधारण ४५ शोधांमागे एक झाड, असं कंपनी तेव्हा सांगत असे. एका शोधामागे सरासरी अर्धा सेंट मिळतो, एका झाडाला सुमारे २२ सेंट लागतात, असा तो भागाकार. भाची परत गेली तेव्हा आमचा आकडा शंभरावर होता. मी अण्णांना सांगितलं, "दोन झाडं झाली."

"लावली," अण्णा म्हणाले. "झाली कुठं? जगली किती ते बघ."

पुढे ती आमच्या घरातली म्हणच झाली. अण्णांच्या रोपवनाच्या हिशेबात लावण्याला फारसा मान नव्हता. तीन मीटरवर एक खड्डा धरला तर हेक्टरी ११११ रोपं बसतात, हे गणित चौथीच्या पोराला येतं, ते म्हणत. पहिली मोजणी पावसाळा सरल्यावर, खरी मोजणी मे महिन्यात. मेलेल्यांच्या जागी पुढच्या पावसात नांग्या भरायच्या. राखणदार ठेवायचा. मेंढरं कुठून येतात, कधी येतात, ती कुणाची, आणि त्यांना चरायला दुसरं काय दाखवता येईल हे ठाऊक असायला हवं. माणातल्या एका रोपवनाची जगणूक त्यांनी नोंदवहीत ३८ टक्के लिहिली होती. वरच्यांना ती जरा वाढवून हवी होती. अण्णांनी पुन्हा मोजली आणि पुन्हा ३८ च लिहिली. त्यानंतर आमचं बिऱ्हाड पाटणला हललं. त्या बदलीचा आणि त्या आकड्याचा संबंध ते अजून कबूल करत नाहीत.

त्याच २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला होता. २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग तेहेतीस. आमच्या कॉलेजनंही एका टेकडीवर खड्डे खणले, मी फोटोत आहे. अण्णा दर रविवारी त्या टेकडीकडे फिरायला जात आणि येऊन काही बोलत नसत.

जानेवारीत अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रात्रीच्या माझ्या वाचनातलं काही एक विचारलं नाही. रक्त तपासलं, बी-१२ फार कमी निघालं. आमचं घर माळकरी, शुद्ध शाकाहारी, शिवाय आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. इंजेक्शनं सुरू झाली. उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ फरक पडला. किल्ल्या अजून विसरतात, वाट चुकले नाहीत.

मग टाळेबंदी आली आणि आम्ही दोघं त्या एका कॉम्प्युटरपुढे. अण्णा रोज विचारत, "आकडा किती?" आणि मला आकड्याचा नादच लागला. एखाद्या साइटचा पत्ता पाठ असला तरी मी तो शोधात टाकून मग उघडायची, तेवढाच एक वाढेल म्हणून. एखाद्या कवीची जन्मतारीख माहीत असताना विचारायची. ज्ञानाची भूक म्हणावी तर तसंही नाही. गोठ्यात शेणाच्या पाट्या मोजाव्यात तसं चाललं होतं.

२०२० च्या जुलैत इकोशियानं दहा कोटी झाडांचा टप्पा गाठल्याचं सांगितलं. अण्णांचा प्रश्न ठरलेला. त्या दिवशी मी तो त्यांच्यासाठी खरंच शोधला. मरतुकीचा अंदाज धरून मोजतो, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आणि जागेवर जाऊन पाहणी करतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही. मग त्यांचाच बुर्किना फासोचा एक व्हिडिओ लागला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेची कोरडी, दगडासारखी टणक झालेली जमीन. माणसं आणि बाया कुदळीनं अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे खणतायत, उताराकडे पाठ करून बांध घालतायत. पाऊस पडला की पाणी त्या चंद्रकोरीत थांबतं आणि तिथेच बी रुजतं. अण्णा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले.

"हे आपल्या समतल चराचं धाकटं भावंड," ते म्हणाले. "बघ, पाण्याला पळू देत नाहीत. आणि रोप नाही लावत, बी टाकतायत. शहाणे आहेत. पिशवीतलं रोप लाडावलेलं असतं." व्हिडिओ त्यांनी चार वेळा पाहिला. बाया किती, मजुरी काय मिळत असेल, खड्ड्यात शेणखत आहे की नाही. फ्रेंचमधलं एक अक्षर कळत नसताना खणणाऱ्याच्या हातावरून ते सांगत होते की हा माणूस सरावाचा आहे आणि तो मागचा कॅमेऱ्यासाठी उभा केलेला आहे.

"मस्टर दाखवतात का?" त्यांचा पुढचा प्रश्न. दाखवतात. दर महिन्याचा जमाखर्च ते जाहीर करतात, मिळालं किती, झाडांना किती, पगाराला किती, करात किती. मी तो काढून दिला. अण्णांनी युरोंना रुपयांत बदलून वहीत उतरवला आणि पगाराच्या रकान्यापाशी बराच वेळ थबकले. "महाग माणसं आहेत. पण लिहितात तरी."

एक गोष्ट मात्र मी जरा उशिरानं नीट वाचली. शोध घेतल्यानं पैसे मिळत नाहीत, जाहिरातीवर क्लिक झालं तरच मिळतात. ४५ हा आकडा सगळ्या जगाची सरासरी. जे क्लिक करतात त्यांनी, न करणाऱ्यांचाही भार उचललेला. आणि मी तर एकाही जाहिरातीला हात न लावता वर्षभर झाडं मोजत बसले होते. शिवाय आपल्याकडच्या क्लिकला तिकडच्यासारखा भाव नाही. भाचीला फोन केला. तिनं आधीच बजावलं, "उगीच क्लिक करत सुटू नकोस मावशी. घ्यायचं नसताना क्लिक करणं ही फसवणूक. त्यांनाही ते नको असतं." म्हणजे मी लावलेल्या झाडांपैकी माझी बहुधा शून्य. अण्णांना सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला. "मग जगणुकीची काळजीच मिटली," म्हणाले.

त्याच आठवड्यात मी भाचीनं शिकवल्याप्रमाणे महिन्याच्या कुकीज पुसल्या, या वेळी सगळ्याच. कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला. तो आकडा कुकीतच राहत होता. माग राहू नये म्हणून पुसायचं, आणि पुण्याईची नोंदही नेमकी त्या मागातच. मला दोन दिवस चुकल्यासारखं झालं. मग ब्राउन पद्धतीचा ट्रे आठवला. ग्रंथपालाला तरी याचं वाईट वाटायला नको.

शोधाला लागणाऱ्या विजेचं म्हणाल तर त्यात मला फारसा रस राहिला नाही. गूगलनं २००९ मध्ये एका शोधाला ०.०००३ युनिट वीज लागते असं सांगितलं होतं. हजार शोधांना ०.३ युनिट, म्हणजे नऊ वॅटचा दिवा ३३ तास. आता यंत्रं उत्तरं रचून देतात, तो हिशेब निराळा. इकोशियाचे स्वतःचे सौर प्रकल्प आहेत, ही चांगली गोष्ट. पण आमच्या घरातला गिझर माझ्या शोधांहून मोठा गुन्हेगार आहे.

खासगीपणाचंही मी आता जपून बोलते. इकोशियाचे निकाल इतकी वर्षं मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येत आले, २०२३ पासून काही ठिकाणी गूगलकडूनही. त्यासाठी विचारलेले शब्द आणि कॉम्प्युटरचा जाळ्यावरचा पत्ता त्या भागीदारांकडे जातो, हे त्यांच्याच धोरणात लिहिलेलं आहे. म्हणजे ही पूर्ण ब्राउन पद्धत नव्हे. ट्रे आमचा, पण ग्रंथालय दुसऱ्याच्या इमारतीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या क्वांट या शोधयंत्राबरोबर युरोपची स्वतःची शोधसूची उभारण्याची घोषणा केली, आणि फ्रेंचपासून सुरुवातही केली. मराठीचा नंबर त्यात कधी लागेल अशी आशा मी धरलेली नाही. एसटीची वेळ, सातबारा, जवळचं औषधाचं दुकान, असल्या गोष्टींसाठी मी अजूनही जुन्या सवयीनं दुसरीकडे जाते, आणि अण्णा तर इकोशिया उघडूनही "गूगल कर" असंच म्हणतात. पण दुखणं, पैसा, कायदा, माणसाच्या मनातलं काही विचारायचं असेल तर ते हिरव्या चिन्हाखाली. ते आजी-आजोबा पुन्हा पडद्यावर आले नाहीत. ते शोधयंत्रामुळे की अडवणाऱ्या जोडकामामुळे, हेही मला सिद्ध करता येणार नाही.

गेल्या वर्षी अण्णांना ऐकू कमी यायला लागलं. श्रवणयंत्राचे प्रकार विचारले तर वर पुण्यातल्या एका दुकानाची जाहिरात आली. घ्यायचंच होतं, म्हणून क्लिक केलं, आणि तिथूनच घेतलं. विचारलं तेव्हा जाहिरात समोर आली आणि नंतर पेपर वाचताना मागे लागली नाही. जाहिरातीनं असं वागायला माझी ना नाही.

अण्णांनी त्या दिवशी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढली. तेव्हापासून खरोखर काही घेण्यासाठी जाहिरातीवर क्लिक केलं की मी त्यांना सांगते आणि ते रेघ ओढतात. भाजीचं बी, पाण्याच्या टाकीचं झाकण, भाचीच्या लग्नासाठी पैठणी. कोपऱ्यातला आकडा पुन्हा हजाराच्या पुढे गेला आहे, तो आता कुणी विचारत नाही. वहीत आजवर अकरा रेघा आहेत.